भुलीतून जागे होतानाचा ठसका

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस येथे बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला की शिक्षण, संस्कार किंवा हुंडा यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. यापूर्वी आम्ही तेच बोललो आणि स्मरणिकेत ते छापूनही आले. यंदा मात्र विषय निराळा आहे. मानेवरील शस्त्रक्रिया संपून रोगी भुलीतून जागा होत असतो, त्या थोड्या मिनिटांत त्यास खोकल्याची उबळ येऊ नये म्हणून काय करतात, आणि त्या कामात रोग्याचा व त्याच्या घरच्यांचा वाटा कोणता, हा तो विषय होय. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वैद्यकाचा आम्हांस अधिकार नाही. जे सांगणार ते एका डॉक्टरीणबाईंनी आम्हांस समजावून दिलेले, वहीत टिपून घेतलेले आणि पुढे वाचून, विचारून पडताळलेले आहे. त्यात आमच्या स्वतःच्या एका खोट्या उत्तराची कबुलीही आहे. ती प्रथम देतो, म्हणजे पुढचे बोलण्यास मन मोकळे होईल.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यास उजव्या अंगाला एक गाठ होती. सात-आठ वर्षांत ती इतकी वाढली की मंगळसूत्राच्या वाट्या मध्यावर राहीनात. सुईने नमुना काढून तपासला. रोग वाईट नाही, परंतु गाठ श्वासनलिकेस एका बाजूस रेटू लागली आहे, ती काढलेली बरी, असे ठरले. शहरातील एका रुग्णालयात तारीख मिळण्यास दोन महिने लागले. भाच्याने रजा काढली, उतरण्याची सोय झाली, पैशांची जुळवाजुळव झाली. आणि तारखेच्या आधी दहा दिवस सौभाग्यवतींस सर्दी झाली. सर्दी चार दिवसांत गेली, पण कोरडा खोकला मागे राहिला. आपले केम कुंकवाचे गाव. आमच्या आळीत कुंकू चाळण्याचे काम चाले, त्याची बारीक धूळ उंबऱ्यापर्यंत येई, तेव्हा खोकल्याचे कोणास फारसे वाटत नसे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, बोलण्यात मृदू. त्यांनी विचारले, "गेल्या महिन्यात सर्दी, खोकला, ताप काही झाले होते का?" सौभाग्यवतींनी तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही म्हणालो, "नाही, काही नाही." तारीख पुढे जाईल, हा एकच विचार मनात होता. सौभाग्यवतींनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि त्या गप्प राहिल्या. रक्तदाबासाठी कोणती गोळी घेता, या प्रश्नास आम्ही "पांढरी, लहान" असे उत्तर दिले, कारण पाकीट घरी राहिले होते. पस्तीस वर्षे मुलांना खरे बोलण्यास शिकविणाऱ्या मनुष्याने एका प्रश्नास खोटे आणि दुसऱ्यास निरुपयोगी उत्तर दिले. तिसरा एक प्रश्न होता. त्यास सौभाग्यवतींनी स्वतः उत्तर दिले, त्याविषयी पुढे सांगू.

शस्त्रक्रिया तीन तास चालली व यथास्थित पार पडली. जागे होताना मात्र त्यांस ठसका लागला, तो काही केल्या थांबेना. नळी काढल्यावरही दोनतीन वेळा उबळ आली. दुपारी सारे शांत वाटले. रात्री आठच्या सुमारास त्या म्हणू लागल्या, "अहो, मला उठून बसू द्या, जीव घाबरा होतोय." आम्ही म्हणालो, "पडून राहा, टाके ताणतील." त्या पुन्हा उठू लागल्या, आम्ही पुन्हा निजविले. ही आमची दुसरी चूक. एवढ्यात परिचारिका रक्तदाब पाहण्यास आली. तिने गळ्याची पट्टी बोटाने चाचपली, पट्टी सोडली आणि धावतच गेली. पुढच्या पाच मिनिटांत आम्हांस बाहेर काढण्यात आले. खाटेवरच टाके कापून, आत साकळलेले रक्त मोकळे करून, त्यांस पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेल्याचे आम्हांस नंतर कळले. ती रात्र आम्ही जिन्यावर बसून काढली.

पहाटेपर्यंत श्वासाची नळी तशीच ठेवली होती. गळ्याच्या आतील सूज उतरली की नाही हे पाहण्यासाठी नळीभोवतीचा फुगा रिकामा करून बाजूने हवा जाते का ते तपासले, मग नळी काढली. या वेळी एकही ठसका लागला नाही. त्याच सौभाग्यवती, तोच गळा, आणि जागे होणे किती निराळे! दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, आता खरे सांगा, खोकला होता ना?" आम्ही सांगितले. त्या रागावल्या नाहीत. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी आकृती काढली आणि अर्धा तास आमची शिकवणी घेतली. एक गोष्ट त्यांनी प्रारंभीच स्पष्ट केली: रक्तस्राव खोकल्यानेच झाला असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. ठसका न लागताही एखादी गाठ सुटते, आणि पुष्कळ रोगी खोकूनही सुखरूप राहतात. परंतु खोकला ठाऊक असता तर तारीख काही आठवडे पुढे ढकलली असती, किंवा जागे करण्याची तयारी प्रथमपासूनच निराळी केली असती. सर्दीपडशानंतर श्वासमार्ग दोन ते सहा आठवडे चिडखोर राहतो. सर्दी गेली म्हणून तो शांत झाला असे नसते. आणि ती पांढरी लहान गोळी? रक्तदाबावरील गोळ्यांचा एक वर्ग असा आहे, एनालाप्रिल आणि रामिप्रिल ही त्यांतील नावे, की ज्यामुळे काही लोकांस महिनोन्महिने कोरडा खोकला राहतो. घरी आल्यावर पाकीट पाहिले तो त्याच वर्गातील गोळी निघाली. आम्ही मात्र कुंकवाच्या धुळीस दोष देत बसलो होतो!

आता खोकल्याने मानेत नेमके काय होते ते पाहू. खोकला आपल्या सर्वांच्या परिचयाचा खरा, पण त्याची क्रिया नीट पाहण्यासारखी आहे. प्रथम मनुष्य खोल श्वास घेतो. मग स्वरयंत्राचे दार घट्ट मिटते. त्या मिटल्या दारामागे छातीचे आणि पोटाचे स्नायू हवा दाबून धरतात. मग दार एकाएकी उघडते आणि हवा सुसाट बाहेर पडते. दार मिटलेले असते त्या क्षणी छातीतील दाब इतका चढतो की डोक्याकडून हृदयाकडे परतणारे रक्त वाटेतच अडते आणि मानेतल्या शिरा टरारून फुगतात. आरतीच्या वेळी शंख फुंकणाऱ्याची मान ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे अधिक सांगावयास नको.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीस रक्ताचा पुरवठा विपुल असतो. ती काढताना लहानमोठ्या अनेक रक्तवाहिन्या बांधाव्या किंवा जाळून बंद कराव्या लागतात. भुलीत रक्तदाब उतरलेला असतो, म्हणून जखम कोरडी दिसते. रोगी जागा होऊ लागला की दाब चढतो, आणि त्यावर खोकल्याचे धक्के बसले की कमजोर बंद सुटू शकतो. पोटात असा स्राव झाला तर तेथे जागा असते. मानेत ती नसते. स्नायूंच्या व पडद्यांच्या बंदिस्त पिशवीत थोडे रक्त साचले तरी ताण पडतो. आमची समजूत अशी होती की हे रक्त श्वासनलिकेस बाहेरून दाबते आणि म्हणून जीव गुदमरतो. ते अंशतःच खरे आहे. मुख्य अपाय असा की त्या दाबाने गळ्याच्या आतील बाजूचे रक्त व लस परत वाहून जाईनाशी होते, आणि स्वरयंत्राचे अस्तर सुजून वाट आतूनच बुजते. म्हणूनच अशा वेळी पुन्हा नळी घालणे कठीण जाते, आणि म्हणूनच खाटेवरच टाके कापून ताण मोकळा करावा लागतो. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर असा स्राव शंभरात एखाद-दोघांस होतो. संख्या लहान आहे. पण त्या एखाद-दोघांत आपले माणूस असले म्हणजे संख्येचा उपयोग राहत नाही.

रोग्यास ठसका लागतोच का? त्याचे कारण ती नळी होय. मोठ्या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत करंगळीएवढ्या जाडीची नळी घालतात व तिच्या टोकाशी असलेला फुगा फुगवून वाट बंद करतात, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही आणि रक्त वा लाळ फुप्फुसात उतरत नाही. जेवताना भाताचे एक शीत चुकीच्या वाटेने गेले तर आपली काय अवस्था होते! गाढ भुलीत शरीर ही नळी सोसते. शुद्धी परतू लागली की तेच शरीर तिला परके मानून बाहेर फेकू पाहते. विशेष उपाय न केल्यास शंभरातील चाळीस ते शहात्तर रोगी जागे होताना खोकतात, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे.

नळीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ग्लासगो येथील शस्त्रवैद्य विल्यम मॅकइवेन याने १८७८ साली जिभेच्या बुंध्याशी गाठ असलेल्या एका रोग्याच्या श्वासनलिकेत तोंडावाटे, केवळ बोटांच्या साह्याने नळी बसविली, आणि तीही रोगी जागा असताना! नंतर क्लोरोफॉर्म दिले. रक्त श्वासनलिकेत उतरू नये हा हेतू. फुगा आला तो १९२८ साली, अमेरिकेतील ग्युडेल व वॉटर्स यांच्या हातून. आपल्या देशात गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, आणि शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास मद्य पाजावे असेही तेथे सांगितले आहे. परंतु गळ्यातील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया निर्धोक केली ती स्वित्झर्लंडातील बर्न येथील थिओडोर कोखर याने. त्याच्या आधीच्या पिढीत या शस्त्रक्रियेतील मृत्यू इतके असत की शहाणे वैद्य तिच्या वाटेस जात नसत. कोखरने रक्तवाहिनी-रक्तवाहिनीगणिक बांधत, सावकाश व स्वच्छ काम करत, पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. क्लोरोफॉर्मचे धोके पाहून तो पुष्कळदा रोग्यास बेशुद्ध न करता, जागा बधिर करूनच ही शस्त्रक्रिया करी. म्हणजे जागे होतानाच्या ठसक्याचा प्रश्न त्याने मुळातच टाळला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

डॉक्टरीणबाईंस आम्ही एक बाळबोध प्रश्न विचारला: नळीनेच ठसका लागतो तर रोगी गाढ झोपेत असतानाच ती का काढीत नाहीत? त्या म्हणाल्या, काही वेळा तसेही करतात. पण खोकला हा गळ्याचा राखणदार आहे. राखणदार झोपलेला असताना दार उघडे टाकले आणि तोंडातील रक्त किंवा पोटातील पाणी आत उतरले तर? किंवा जीभ मागे पडून वाट बंद झाली तर? लठ्ठ मनुष्य, घोरणारा मनुष्य, ज्याच्या गळ्यात नळी घालणे आधीच कठीण गेले असा मनुष्य, यांच्या बाबतीत हा डाव खेळत नाहीत. १९८० नंतर ब्रिटनमधील आर्ची ब्रेन या डॉक्टरांनी स्वरयंत्राच्या वर बसणारा एक मऊ मुखवटा काढला. तो आत जात नाही, म्हणून त्याने चीड कमी येते. गाढ भुलीत नळी काढून तो बसवायचा व मग रोग्यास जागे करायचे, अशीही एक रीत आहे. तिला सराईत हात लागतो.

तेव्हा खरी कसब अशी की राखणदार जागा व्हावा, परंतु आरडाओरड न करता जागा व्हावा. यासाठी आज जे उपाय करतात त्यांतील लिडोकेन हे जुने व स्वस्त औषध. हे स्वीडनमधील लोफग्रेन याने १९४३ साली बनविले. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच. जागे करण्याच्या थोडे आधी ते वजनाच्या हिशेबाने शिरेतून देतात. त्याचा गुण थोडा वेळ टिकतो, आणि मात्रा अधिक झाली तर झटके येण्याचे व हृदयास अपाय होण्याचे भय असते. म्हणून कोणी एक युक्ती काढली: नळीच्या फुग्यात हवेऐवजी हेच औषध भरायचे, म्हणजे ते फुग्याच्या पातळ पडद्यातून हळूहळू पाझरून श्वासनलिकेस आतून बधिर करील. नुसते औषध फारसे पाझरत नाही. त्यात थोडा सोडा मिसळला, म्हणजे खाण्याच्या सोड्याचे जे शुद्ध द्रावण रुग्णालयात असते ते, की औषधाचे रूप पालटते व ते पडद्यातून सहज पार होते. हे ऐकून आम्हांस केमची आठवण झाली. हळदीस क्षार लागला की ती लाल होते, हे आपल्या गावच्या पोरासही शिकवावे लागत नाही. चिमूटभर क्षाराने रंग पालटतो, तशी तेथे औषधाची चाल पालटते. हा उपाय सावकाश लागू पडतो, म्हणून लांब चालणाऱ्या शस्त्रक्रियेतच त्याचा उपयोग.

अफूचा खोकल्यावरील गुण आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होता. त्याच कुळातील फेंटानिल व रेमिफेंटानिल ही औषधे अगदी थोड्या प्रमाणात चालू ठेवून रोग्यास जागे करतात. रेमिफेंटानिलची धार बंद केली की काही मिनिटांतच त्याचा अंमल उतरतो, हा त्याचा विशेष. पण ही औषधे श्वास मंदावतात, म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. सौभाग्यवतींस दुसऱ्या वेळी जे दिले ते डेक्समेडेटोमिडिन. याने मनुष्य झोपाळू राहतो, श्वास मात्र स्वतः घेतो, आणि हाक मारली की डोळे उघडून सांगितलेले ऐकतो. याने नाडी व रक्तदाब उतरतात आणि पुरती जाग येण्यास थोडा उशीर लागतो. २०२० साली भूलशास्त्राच्या एका प्रसिद्ध ब्रिटिश नियतकालिकात सुमारे सत्तर चाचण्यांचा एकत्र विचार करून एक लेख प्रसिद्ध झाला. वरील सारीच औषधे ठसका कमी करतात आणि त्यांत डेक्समेडेटोमिडिन पुढे दिसते, असा त्याचा निष्कर्ष आहे. याखेरीज वासाच्या औषधाऐवजी सर्व भूल शिरेतून प्रोपोफॉलने दिली तरी जागे होणे शांतपणे होते.

पण या औषधांइतकेच महत्त्व काही साध्या गोष्टींस आहे, आणि आम्हांस त्याच अधिक भावल्या. भूल उतरण्यापूर्वीच तोंडातील लाळ व रक्त हळूच ओढून घेणे. मग रोग्यास न हलविणे, गालावर न थोपटणे, मान न वळविणे. हलक्या आवाजात नाव घेऊन हाक मारणे व वाट पाहणे. ओकारीने व कुंथण्यानेही मानेच्या शिरा खोकल्यासारख्याच फुगतात, म्हणून उलटी होऊ नये यासाठी औषध आधीच दिलेले असते. आणि शस्त्रवैद्य टाके घालण्यापूर्वी म्हणतो, "दाब द्या." त्यासरशी भूलतज्ज्ञ छातीत हवा भरून काही सेकंद धरून ठेवतो. शिरा फुगतात, आणि कच्चा राहिलेला बंद डोळ्यांदेखत पाझरू लागतो. हा मुद्दाम घडवून आणलेला खोटा खोकला होय. वार्षिक परीक्षेपूर्वी घटक चाचणी घ्यावी, तसेच हे. सौभाग्यवतींच्या पहिल्या वेळीही ही चाचणी घेतली होती व तीत काही दिसले नव्हते, असे आम्हांस सांगण्यात आले. चाचणीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी परीक्षेत घसरतो, हे आम्हां शिक्षकांस नवीन नाही.

आता घरच्या माणसांविषयी. मानेतील रक्तस्राव बहुधा पहिल्या सहा तासांत आणि बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होतो. त्या वेळी खाटेपाशी डॉक्टर नसतो, आपण असतो. २०२२ साली ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ, ग्रंथींचे शस्त्रवैद्य व कान-नाक-घशाचे डॉक्टर यांच्या संस्थांनी मिळून या प्रसंगासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातील धोक्याच्या खुणा अशा: गिळण्यास त्रास, मानेस सूज वा ताठरपणा, श्वास जलद होणे, श्वासास घरघर लागणे, आणि अस्वस्थता. ही शेवटची खूण आम्ही वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेविले. "जीव घाबरा होतोय, उठून बसू द्या" हीच ती. तिला आम्ही भीती समजलो आणि रोग्यास निजवीत राहिलो. मानेची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य असे म्हणू लागला तर त्यास बसू द्यावे आणि परिचारिकेस तत्काळ हाक मारावी. ती उगीच बोलावल्याबद्दल रागावली तरी रागावू द्यावी. अशा रोग्याच्या खाटेजवळ टाके कापण्याची सामग्री ठेवलेली असावी, असेही त्या मार्गदर्शनात सांगितले आहे. ती आहे का, हे आपण नम्रपणे विचारण्यास हरकत नाही.

हा विषय थायरॉईडपुरताच आहे असे समजू नये. आमच्या लहानपणी कुर्डुवाडीहून छोटी गाडी बार्शीस जाई. आज आपल्या भागातील माणसे बार्शीस जातात त्यांतील कित्येकांस तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय गाठावयाचे असते. बार्शी, परांडा व भूम भागातील कर्करोगाची नोंदवही १९८७ पासून ठेवली जात आहे; ग्रामीण भागातील अशी ती भारतातील पहिली. तोंडाच्या कर्करोगात मानेतील गाठीही काढाव्या लागतात, म्हणजे पुन्हा मानेचीच शस्त्रक्रिया. आणि तो रोग कोठून येतो हे तंबाखूच्या डब्या बाळगणाऱ्यांस ठाऊक आहे. विडी ओढणाऱ्याचा श्वासमार्ग तर इतका चिडलेला असतो की त्यास ठसक्याशिवाय जागे करणे भूलतज्ज्ञास अवघड जाते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सोडली तरी रक्तातील विषारी वायू उतरतो, तेवढा लाभ होतोच; परंतु श्वासमार्ग निवळण्यास विडी चार आठवडे तरी आधी सुटली पाहिजे. तारीख मिळण्यास दोन महिने लागतात म्हणून आपण रुग्णालयास नावे ठेवतो. ते दोन महिने याच कामी लागले तर?

तिसरा प्रश्न राहिला. डॉक्टरीणबाईंनी सौभाग्यवतींस विचारले होते, "तंबाखू, मशेरी काही लावता?" आणि त्या मान खाली घालून "नाही" म्हणाल्या होत्या. वास्तविक लग्नापूर्वीपासून त्या तव्यावर भाजलेली मशेरी लावीत. आमच्या घरात ते सर्वांस ठाऊक, आणि कोणीही त्याचा उच्चार करीत नसे. मशेरीमुळे तो ठसका लागला असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे नव्हते. पण ठाऊक असते तर तोंडाचे अस्तर, हिरड्या, तोंड किती उघडते हे त्यांनी निराळ्या दृष्टीने पाहिले असते. पुरुषांच्या तंबाखूची आपण चारचौघांत चेष्टा करतो, आणि स्त्रियांची मशेरी मात्र दडवून ठेवतो. यामुळे डॉक्टरच्या कागदावर "व्यसन नाही" असे लिहिले जाते. भगिनींनो, भूल देणाऱ्या डॉक्टरास कळलेली गोष्ट सासरी कळत नाही. नवऱ्यादेखत सांगणे अवघड वाटत असेल तर त्यास बाहेर बसावयास सांगा. आम्ही बाहेर बसलो असतो तर खोकल्याचेही खरे उत्तर मिळाले असते.

आपल्या मंडळाच्या वैद्यकीय निधीतून दरवर्षी काही रोग्यांस मदत दिली जाते. चिटणिसांच्या संमतीने आम्ही आमच्या वहीतील दोन पाने स्वच्छ अक्षरात लिहून मंडळाच्या कार्यालयात ठेविली आहेत. मदतीचा अर्ज घेण्यास येणाऱ्याने ती उतरवून न्यावी. शस्त्रक्रियेस जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, पिशवीत घालावी. गेल्या सहा आठवड्यांतील सर्दी, खोकला, दम्याचा त्रास तारखेनिशी लिहावा. विडी, तंबाखू, मशेरी खरे लिहावे. पूर्वी भूल दिली असता काही त्रास झाला होता का ते लिहावे. कवळी किंवा हलता दात सांगावा. तारीख पुढे गेली तर येण्याजाण्याचा जादा खर्च निधीतून मिळावा, अशी विनंतीही आम्ही कार्यकारिणीस केली आहे. त्या खर्चाच्या भीतीनेच माणसे खोकला लपवितात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कार्यकारिणीने अद्याप निर्णय कळविलेला नाही. अध्यक्षमहाराज समोरच आहेत, म्हणून स्मरण देतो.

सौभाग्यवती आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. गळ्यावरची खूण सुरकुतीत मिळून गेली आहे. आवाज जरा बसका झाला तो तसाच राहिला. जात्यावरच्या ओव्यांचा वरचा सूर लागत नाही, ही त्यांची तक्रार आहे. रक्तदाबाची गोळी बदलून घेतली, त्यानंतर महिन्याभरात खोकला गेला. या भाषणाची तयारी करताना त्यांनी आम्हांस बजाविले होते की बाकी काय हवे ते सांगा, मशेरीचे तेवढे सांगू नका. आज सकाळी निघताना चपला घालीत असता त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "सांगा तेही."